कुरुममधलं भूतघर

मस्कतच्या मराठी मंडळींत माझी ओळख दोन तऱ्हांनी करून दिली जाते. गणपती जवळ आले की म्हणतात, "मखर मुकादमभाईंकडून करून घ्या, काम चोख, पण सगळं आधी ठरवा, नंतर भांडतात." एरवी आवाज खाली आणून म्हणतात, "तेच हो ते, ज्यांच्या भूतघरात माणूस जाता जाता राहिला." पहिल्या ओळखीबद्दल माझी तक्रार नाही. मी भांडतो. भांडलो नसतो तर आजही गाल्याच्या कारखान्यांच्या वस्तीत दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये रंधा मारत बसलो असतो. दुसरीबद्दल मात्र तक्रार आहे आणि ती मी इतकी वर्षं भेटेल त्याला ऐकवत आलो आहे. ही गोष्ट बाहेर नेणारा माणूस ती अर्धीच सांगतो.

या अंकाच्या संपादकबाईंनी धंद्यातल्या गमती लिहायला सांगितल्या. मी म्हटलं, लिहितो, पण कुरुमचं प्रकरण पूर्ण लिहू द्याल तर. त्या म्हणाल्या, अडीच हजार शब्दांत बसवा. मी तीन मागितले. बाई अडीचवरून हलल्या नाहीत. भाव न हलवणारी माणसं मला आवडतात.

आधी धंदा काय ते सांगतो. लाकडी चौकटीवर प्लाय ठोकायचा, त्यावर कापड किंवा रंग चढवायचा आणि चार दिवसांपुरतं काहीतरी खरं वाटेल असं उभं करायचं. प्रदर्शनाचे स्टॉल, शाळांच्या गॅदरिंगचे पडदे, लग्नाचे मंडप, गणपतीची मखरं. माझ्या गाल्याच्या शेडमध्ये एका कोपऱ्यात कैलास पर्वत आणि दुसऱ्यात कुठल्यातरी टायर कंपनीचा काउंटर एकाच वेळी वाळत असायचे. मी खाडीकाठचा कोकणी मुसलमान, मराठी शाळेत नववीपर्यंत शिकलेला. गणपतीचं मखर मी करतो याचं नवख्या गिऱ्हाइकाला नवल वाटतं. मला त्या नवलाचं नवल वाटतं. आमच्या गावात मखराचं लाकूड वडिलांच्याच वखारीतून जायचं.

दहा-बारा वर्षांपूर्वी ऑक्टोबरात एक नवं काम येऊ लागलं. परदेशी शाळांत शिकणारी मुलं हॅलोविन करायची, त्यांचं पाहून आपल्या मुलांनीही घरी हट्ट धरला. पण उघडपणे तसा बोर्ड लावायची सोय नव्हती. म्हणून कंपाउंडच्या भिंतीआत करायचं आणि नाव द्यायचं 'ऑटम कार्निव्हल'. मस्कतमध्ये ऑटम! बाहेर खजुराची झाडं जशीच्या तशी उभी, गाडीचं स्टिअरिंग हाताला चटका देतंय आणि माझी माणसं पंख्याखाली बसून फोमच्या शीटमधून नारिंगी पानं कापतायत. हजारभर पानं कापून झाल्यावर एकाने विचारलं, "भाई, ही पानं कसल्या झाडाची?" मलाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, "पडणाऱ्या."

भूतघराची विद्या मात्र मी लवकर शिकलो. ती अशी, की भीती भुतात नसते, भुताच्या आधीच्या वळणात असते. वाट अरुंद ठेवायची, इतकी की दोन माणसं शेजारी चालू नयेत. गालिच्याखाली मध्येच फोम घालायचा म्हणजे पाय रुततो आणि माणसाला आपल्याच पायाचा भरवसा वाटेनासा होतो. छतावरून ओले दोरे तोंडाच्या उंचीवर सोडायचे. सहा-सहाच्या गटाने आत सोडायचं. पहिला घाबरत नाही, कारण तो पुढारी असतो. शेवटचा कुणाचा तरी शर्ट धरून असतो. घाबरतो तो तिसरा, आणि एकदा तिसरा ओरडला की सगळे ओरडतात. मी बाहेर उभा राहून फक्त कान देतो. पहिल्या वळणाची किंकाळी, दुसऱ्या वळणाची, तिसऱ्या. सगळ्या क्रमाने आल्या की आत सगळं ठीक आहे.

गिऱ्हाइकंही तऱ्हेतऱ्हेची. एक बाई आपल्या मुलाला घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "हा घाबरणार नाही याची गॅरंटी द्या." मी दिली. पाच मिनिटांनी पोरगं हसत बाहेर आलं तर त्याच बाई म्हणाल्या, "हा घाबरलाच नाही, मग तिकीट कशाचं?"

तर, कुरुम. मस्कतच्या या श्रीमंत वस्तीत एका मोठ्या कंपाउंडमध्ये बरीच मुंबई-पुण्याची कुटुंबं राहायची, सगळी नोकरदार, इंजिनिअर आणि बँकवाली. त्यांच्या कमिटीचे सेक्रेटरी होते सबनीस. बोलणं गोड, शर्ट इस्त्रीचा आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'ॲडजस्ट करा ना'. पाच वळणांचं भूतघर त्यांना हवं होतं, दोन संध्याकाळींसाठी. मी हिशोबात दोन मोठे पोर्टेबल एसी धरले होते, एक तोंडाशी, एक मध्ये. काळं कापड मारलेला बंद प्लाय म्हणजे भट्टी. ऑक्टोबरातही संध्याकाळी हवेत दमटपणा एवढा असतो की चष्मा धुरकटतो. सबनीसांनी मधल्या एसीवर बोट ठेवलं.

"हा कशाला, मुकादमभाई? मुलं तीन मिनिटांत बाहेर येणार."

"मुलं येतील. आतला माणूस येणार नाही."

"आत माणूस कुठे? सगळी मशीनं आहेत म्हणालात ना?"

ते बरोबर होतं. तेव्हा आत माणूस नव्हताच. पाचही वळणांवर दुबईहून मागवलेले सांगाडे आणि मुखवटे बसणार होते. मी एक एसी सोडला आणि त्याच्या बदल्यात आणखी काहीतरी पदरात पाडून घेतलं. काय ते आता आठवतही नाही.

माझे अर्बाब, म्हणजे ज्यांच्या नावावर माझं लायसन्स ते ओमानी गृहस्थ, वयस्कर आणि शांत. त्यांना मी भूतघराचं चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि हिंदीत एवढंच म्हणाले, "मुकादम, कबर नहीं. जनाज़ा नहीं. बाकी बच्चों का खेल है, करो. और कोई तकलीफ़ नहीं होनी चाहिए." मी म्हटलं, "इन्शाल्ला, कुछ नहीं होगा." हे वाक्य मी आयुष्यात हजार वेळा बोललो असेन. त्या दिवशीचंच का लक्षात राहिलं ते पुढे कळेल.

आणि मग तिसऱ्या वळणाचा सांगाडा बिघडलेला निघाला. मोटार लावली की तो उडी मारण्याऐवजी मान हलवून हो हो करायचा. शेडमधली माणसं पोट धरून हसली. कार्निव्हल दोन दिवसांवर. मी दुबईवाल्याला फोनवर शिव्या घालत असताना पांडू मेस्त्री जवळ येऊन उभे राहिले.

पांडू मेस्त्री माझ्याकडचे सगळ्यात जुने सुतार. आमच्या गावाच्या पलीकडची सुतारवाडी त्यांची. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, साठीला आलेले. मी पहिल्यांदा ओमानला आलो तेव्हा ज्या वर्कशॉपमध्ये हेल्पर होतो तिथे हे मेस्त्री होते आणि करवत सरळ कशी चालवायची हे त्यांनीच मला शिकवलं. पुढे मी मालक झालो, ते माझ्याकडे आले. तेव्हापासून मला 'भाय' आणि 'तुमी' म्हणायचे. मला त्याने अवघडल्यासारखं व्हायचं, पण त्यांनी सोडलं नाही.

"भाय," ते म्हणाले, "ह्या सांगाड्याला कोन भिनार? ह्याला चाय पाजावीशी वाटते. तिथे मी हुबा ऱ्हातो."

"तुम्ही?"

"संकासूर करतो."

ज्यांना कोकणातला शिमगा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. संकासूर म्हणजे काळा पायघोळ झगा, डोक्यावर हातभर उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी, लोंबती लाल जीभ, कंबरेला घुंगरांचा पट्टा आणि हातात दोरखंड. शिमग्यात खेळे, म्हणजे सोंगं घेणारी मंडळी, गावभर फिरायचे ते आमच्या मोहल्ल्यातही यायचे. आई त्यांना सुपात तांदूळ घालायची आणि मी तिच्यामागे तोंड लपवून उभा असायचो. घुंगरू दोन घरं पलीकडे वाजले तरी मी तिचा पदर घट्ट धरायचो. सुतारवाडीचा संकासूर वीस वर्षं पांडू मेस्त्रींनी केला होता. आणि त्यांच्या वाडीची रीत अशी, की झगा अंगावर चढला की माणसाच्या आवाजात बोलायचं नाही. टोपी उतरेपर्यंत नाही. पाणी हवं असलं तरी नाही, पायात काटा मोडला तरी नाही. काय सांगायचं ते घुंगरांनी. आम्ही पोरं त्यांना बोलतं करायला काय काय करायचो! खडे मारायचो, बायकोच्या नावाने हाका मारायचो. ते फक्त कंबर हलवायचे. छन्.

ही रीत मला माहीत होती. त्या अख्ख्या कंपाउंडमध्ये मला एकट्यालाच माहीत होती.

दोन दिवसांत झगा शिवून झाला. दाढी तागाची, टोपी पुठ्ठ्याची, घुंगरू मत्रा सुकातल्या, म्हणजे तिथल्या जुन्या बाजारातल्या, एका दुकानातून आणलेले, उंटाच्या गळ्यात बांधायचे. तिसऱ्या वळणावर कपाटाएवढा कोनाडा केला. मुलांनी दाढी ओढू नये म्हणून पुढे तारेची जाळी आणि मागे आत उघडणारं छोटं दार. त्या दारातून उजेड आत येऊ नये म्हणून कडी बाहेरून. मेस्त्री आत घुसमटतील हे मला समजत होतं, म्हणून मी नियम केला. दर वीस मिनिटांनी पाच मिनिटं रांग थांबवायची, कडी मी स्वतः काढायची, मेस्त्रींनी बाहेर येऊन टोपी काढायची आणि पाणी प्यायचं. सबनीसांना सांगितलं. ते म्हणाले, "व्हेरी गुड."

पहिल्या संध्याकाळी लोकांनी संकासूर डोक्यावर घेतला. दुबईच्या मुखवट्यांना मुलं 'क्यूट' म्हणत पुढे जायची आणि तिसऱ्या वळणावर त्यांचं इंग्रजी बंद पडायचं. बाहेर आल्यावर एक पुणेरी आजोबा नातवाला सांगत होते, "अरे, हा आपला आहे, आपला!" नातू म्हणाला, "मला आपला नको." मेस्त्री ब्रेकमध्ये बाहेर आले की घामाने निथळत असायचे, पण डोळे असे चमकत होते की मी त्यांना तसं ओमानमध्ये कधी पाहिलं नव्हतं. टोपी काढून म्हणाले, "भाय, पोरा भितात. आजून भितात."

दुसरी संध्याकाळ. बातमी पसरली होती. रांग गेटच्या बाहेर रस्त्यापर्यंत गेली. त्या दिवशी वारा पडला होता. मी तिसऱ्या वळणाच्या मागे फ्यूजच्या पेटीजवळ उभा होतो, कारण एसी आणि धुराचं मशीन एकदम चालू झालं की फ्यूज उडायचा. कोनाड्याचं दार माझ्यापासून दोन हातांवर. दोन ब्रेक झाले होते. दुसऱ्या ब्रेकला मेस्त्री थोडे डुलत बाहेर आले. मी विचारलं, "बस करायचं का?" टोपी हातातच होती, म्हणून बोलले, "नाय नाय, आज तर गर्दी हाय."

तिसऱ्या ब्रेकची वेळ झाली तेवढ्यात सबनीस घाईघाईने आले. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटलेला.

"मुकादमभाई, लाइन बघितलीत? लोक चिडलेत. ते ब्रेक आता बंद करूया. सलग चालवा."

"ब्रेक माझ्या माणसासाठी आहे."

"अहो, शेवटचा तास. ॲडजस्ट करा ना."

मला माणसाचा चेहरा वाचता येतो, त्यावरच माझं पोट आहे. सबनीसांच्या चेहऱ्यावर गरज दिसत होती. आणि गरज दिसली की माझ्या आत काहीतरी उठून बसतं, मग मला दुसरं काही ऐकू येत नाही. त्या कमिटीचं दिवाळीच्या कार्यक्रमाचं स्टेज दोन वर्षं दुसरी पार्टी करत होती. मोठं काम, सगळी मराठी मंडळी बघायला येणार.

"ब्रेक बंद करतो," मी म्हटलं. "दिवाळीचं स्टेज मला द्या."

"ते कमिटी ठरवते हो."

"कमिटी म्हणजे तुम्ही."

"असं कसं? तिघांना विचारायला लागतं."

"मग तिघांना विचारून या. तोपर्यंत ब्रेक."

"लाइन बघा हो!"

"लाइन तुमची आहे."

आत घुंगरू वाजत होते. गट आला की वाजायचे ते मला पाठ होतं, एकदम जोरात आणि मग शांत. पण आता ते मधल्या वेळातही वाजत होते. छन्. थोडं थांबून, छन् छन्. सबनीस हलक्या आवाजात काहीतरी अट घालत होते, अर्धं स्टेज, लाइटिंग दुसऱ्याकडे, असं काहीतरी, आणि मला नीट ऐकू येईना. मी मागे न बघता प्लायवर थाप मारली.

"मेस्त्री, हळू! इथे बोलतोय ना!"

घुंगरू थांबले.

मग आमचं झालं. लाइटिंगसकट स्टेज माझं. हात मिळवला. सबनीस रांगेकडे गेले आणि मी खुशीत खिशातून रुमाल काढून मान पुसली. किती वेळ झाला होता ते मी अजून ठरवू शकलेलो नाही. सबनीस म्हणतात, दोन मिनिटं. मला दहा वाटतात.

गट आत जात होते. मी सवयीने कान दिला. पहिल्या वळणाची किंकाळी. दुसऱ्या वळणाची. मग काहीच नाही. मग एकदम चौथ्या वळणाची. मला वाटलं, धीट पोरं असतील. पुढचा गट. पहिली, दुसरी, चौथी. मी स्वतःला समजावत होतो, मीच हळू म्हटलंय, म्हणून हळू करतायत. तिसरा गट. पहिली, दुसरी. तिसऱ्या वळणावर मुलांचं बोलणं ऐकू आलं, घाबरलेलं नव्हे, साधं.

बाहेर पडण्याच्या वाटेने एक नऊ-दहा वर्षांची मुलगी धावत माझ्याकडे आली. सबनीसांचीच. घरात मराठी, बाहेर इंग्रजी, म्हणून एकेक शब्द शोधून बोलायची.

"अंकल, तो ब्लॅकवाला... तो झोपला आहे. त्याचं हॅट पडलं. मी हॅलो केलं तरी तो उठत नाही."

टोपी पडली आणि तरी बोलत नाहीत. कडी काढायला गेलो तर दार उघडेना. आतून त्यांचं अंग दाराला टेकलं होतं. मी ओरडलो, "मेस्त्री! ओ मेस्त्री!" धक्का दिला, पुन्हा दिला. प्लाय आम्ही आतून स्क्रूने पक्का केला होता, मुलांच्या धक्क्याने हलू नये म्हणून. मीच तसं करायला लावलं होतं. शेवटी पुढून आत घुसलो. अंधारात झगमगते दिवे, धूर, सहा मुलं मला बघून किंचाळली आणि मग खदाखदा हसली. त्यांना वाटलं, हाही खेळ. मी जाळी दोन्ही हातांनी उपटली. बोटं फाटली ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. मेस्त्री कोनाड्यात दुमडून बसल्यासारखे पडले होते. अंग नुसतं भाजत होतं. आणि घाम नव्हता. एवढ्या भट्टीत घाम नव्हता.

मी त्यांना काखेत धरून ओढत बाहेर आणलं, चौथ्या वळणावरून, पाचव्या वळणावरून, ओल्या दोऱ्यांतून. बाहेरच्या उजेडात आलो आणि रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. मोबाईल वर केले. कुणीतरी म्हणालं, "वा, काय ॲक्टिंग!" मी काय ओरडलो ते छापण्यासारखं नाही. टाळ्या थांबल्या.

रांगेतून एक बाई पुढे आल्या, हातातली पर्स नवऱ्याकडे फेकत. "मी डॉक्टर आहे. ती दाढी काढा आधी. झगा फाडा. उघडताय काय, फाडा! बर्फ आणा, सरबताच्या स्टॉलवरचा सगळा." त्यांनी मेस्त्रींच्या काखेत, मानेला, जांघेत बर्फ भरला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "किती वेळ होते आत?"

मी बर्फाची दुसरी पिशवी फोडायला लागलो. मला उत्तर येत होतं.

हॉस्पिटलच्या बाकावर मी बसलो तेव्हा माझ्या शर्टाला काळा रंग आणि तागाचे केस चिकटले होते. सिस्टर फॉर्म भरत होत्या. पेशंटचं काम काय? सुतार. काय करताना झालं? मी म्हटलं, काम करताना. कसलं काम? मी उठून अर्बाबना फोन केला. ते आले, शेजारी बसले, माझ्या शर्टावरचे केस बघितले आणि काही विचारलं नाही. ते बोलले असते, रागावले असते, तर मला बरं वाटलं असतं. मी त्यांच्याशी भांडलो असतो. दाराच्या काचेतून मेस्त्रींचा एक पाय दिसत होता. मी त्या पायाकडे बघत बसलो. तो हलावा, एवढंच. गावी त्यांच्या बायकोचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. दोनदा काढला, दोनदा बंद केला. काय सांगणार? तुमच्या नवऱ्याने इथे संकासूर केला, आणि मी त्याला गप्प राहा म्हटलं?

डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, उष्माघात आहे, किडनीवर ताण आलाय, आज काही सांगता येणार नाही. मी विचारलं, "वाचतील ना?" ते म्हणाले, "बघू." भाव न हलवणारी माणसं मला आवडतात असं वर लिहिलं आहे. त्या डॉक्टरांचा मला राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मी अजून बाकावरच असताना, ओळखीच्या एकाने कमिटीच्या ग्रुपवरचा मेसेज मला पुढे पाठवला. सबनीसांनी लिहिला होता. कॉन्ट्रॅक्टरच्या निष्काळजीपणामुळे दुर्दैवी प्रकार घडला, कमिटीने सुरक्षेसाठी ब्रेक मंजूर केले होते पण कॉन्ट्रॅक्टरने ते पाळले नाहीत, यापुढे त्यांना कुठलंही काम देण्यात येणार नाही, दिवाळीचं स्टेज नेहमीच्या पार्टीकडे. मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. माझं डोकं फिरलं. ब्रेक बंद करायला कोण आलं होतं? ॲडजस्ट करा ना कोण म्हणालं होतं? हेच मी त्यानंतर वर्षानुवर्षं, प्रत्येक लग्नात, प्रत्येक हळदीकुंकवाच्या मंडपामागे उभं राहून लोकांना विचारत आलो.

दुपारी मेस्त्री शुद्धीवर आले. ओठ सुकलेले, आवाज अगदी बारीक, पण डोळे ओळखीचे. सिस्टर म्हणाल्या, पाच मिनिटं, आणि त्यांना बोलायला लावू नका. मी स्टूल ओढून बसलो. कसं वाटतंय हे विचारायच्या आधी मी फोन काढला. लाज वाटते, पण तसंच झालं. मेसेज वाचून दाखवला आणि म्हटलं, "मेस्त्री, तुम्ही आत होतात. दोन हातांवर. तुम्ही सगळं ऐकलंत. उद्या चार माणसांत सांगाल ना, ब्रेक कुणी बंद करायला लावला ते?"



"ऐकला ना," ते म्हणाले. "सगला ऐकला."

"मग?"

"तो म्हनला, बंद करा. तुमी म्हनलात, करतो, पन स्टेज द्या." श्वास घ्यायला थांबले. "मंग तुमी मला म्हनलात, हळू. तवा मी म्हटला, सौदा चाललाय. झाला की येतील."

मला रागच आला, त्यांच्यावर. मी उठून ओरडलो, "अहो, मग हाक का नाही मारलीत? एक हाक! मेलात तरी रीत पाळाल काय?" शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. सिस्टर धावत आल्या आणि माझ्या दंडाला धरून मला दाराकडे नेऊ लागल्या. त्यांना वाटलं असेल, हा माणूस पेशंटला मारायला उठला.

"भाय," मागून मेस्त्रींनी हाक मारली. मी वळलो. सिस्टरही थांबल्या.

"स्टेज मिलाला ना आपल्याला?"

फोन अजून माझ्या हातात होता, तो मेसेज उघडाच. त्यांना तो मी आत्ताच वाचून दाखवला होता, पण शेवटचं, स्टेजचं, त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं, किंवा पोचून राहिलं नव्हतं.

"मिळालं," मी म्हटलं. "लाइटिंगसकट."